फॉरमॅट मारल्यावर डेटा खरंच काढता येतो का?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानांपासून शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांपर्यंत पीसी फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकायचं काम चालू आहे. "काय राहिलंच तर रिकव्हरी सॉफ्टवेअरनं काढू की!" हे वाक्य त्यात हमखास ऐकू येतं. हार्ड डिस्कच्या काळात ते बऱ्यापैकी खरं होतं. हार्ड डिस्कच्या जागी आता येणाऱ्या एसएसडीवर ते बहुतेक वेळा खोटं ठरतं.

हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट केला की फायलींची फक्त नोंदवही कोरी होते. रेशनकार्डावरून नाव कमी केलं म्हणून माणूस घरातून जात नाही, तसा मजकूर तबकडीवर जागच्या जागी राहतो. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. रिकव्हरी सॉफ्टवेअर नोंदवहीकडे न बघता थेट तबकडी वाचतं. (फुल फॉरमॅटची गोष्ट वेगळी. व्हिस्टापासून तो सगळीकडे शून्यं लिहितो.)

एसएसडीत तबकडी नाही, फ्लॅश चिप असते. विद्युतभार धरून ठेवणारे सेल, सेलची पानं आणि शेकडो पानांचा एक ब्लॉक. गंमत अशी की लिहिता येतं एकेका पानावर, म्हणजे साधारण ४ ते १६ केबी. पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक, काही एमबी एकदम. लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिताच येत नाही. म्हणून फाइल बदलली की एसएसडीचा कंट्रोलर नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर टाकतो आणि अमुक सेक्टर (विंडोज ज्या क्रमांकानं जागा ओळखतं तो कप्पा) आता तमुक पानावर, असा नकाशा सांभाळतो. बाद पानं साचली की कामाची पानं हलवून ब्लॉक पुसतो.

पण विंडोजमध्ये फाइल डिलीट झाली हे कंट्रोलरला कळणार कसं? त्याला फाइल ही भानगडच माहीत नसते, फक्त सेक्टर माहीत असतात. सांगितलं नाही तर तो कचराही जपून इकडून तिकडे हलवत बसेल, आणि दर पुसण्यागणिक सेल झिजतात. त्यासाठी विंडोज ७पासून ट्रिम नावाचा आदेश आहे: हे सेक्टर आता नकोत. डिलीट केल्यावर तो जातो. फॉरमॅट करताना तर अख्ख्या पार्टिशनसाठी, म्हणजे डिस्कच्या त्या पूर्ण भागासाठी जातो. कंट्रोलर नकाशातली नोंद उडवतो. पुढे तो सेक्टर वाचायला मागितला, तर बहुतेक एसएसडी सेलपर्यंत जातच नाहीत, सरळ शून्यं देतात. प्रत्यक्ष पुसणं मागाहून, पीसी नुसता चालू असला तरी, होत राहतं. '१०० टक्के डेटा परत' अशी जाहिरात असो की खंडेनवमीला सीपीयूला घातलेला हार, शून्यांतून लग्नाचे फोटो निघत नाहीत.

"डी ड्राइव्हला टाकलंय, काळजी नाही" हाही असाच समज. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे भाग असतात. सेटअपच्या पडद्यावर सी-डी अशी नावं नसतात. डिस्क ० किंवा ड्राइव्ह ०, पार्टिशन ३, आकार, असंच काहीतरी. चुकीची ओळ डिलीट झाली की खेळ संपला. लॅपटॉप एन्क्रिप्टेड (डेटा कुलूपबंद केलेला) असेल तर डी शाबूत राहूनही ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधीच कागदावर उतरवा.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवरच घ्या, एनटीएफएस किंवा एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या. फॅट३२वर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. विंडोज टाकायचा ८ जीबी पेन ड्राइव्ह बनवताना आतलं सगळं पुसलं जातं, तो यात धरू नका.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सीवरच असतात. टॅलीची कंपनी, म्हणजे हिशेबाचा डेटा, कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीतच पाहून घ्या. पत्रिका, फ्लेक्स करणाऱ्यांनी जुने बिगर-युनिकोड फॉन्ट उचलायचेच, नाहीतर फाइल उघडते आणि मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. यातले काही फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरऐवजी लपलेल्या अ‍ॅपडेटामध्ये असतात. क्रोमचं फोल्डर कॉपी करून पासवर्ड येत नाहीत, कारण त्यांचं कुलूप जुन्या विंडोज खात्याशी बांधलेलं असतं. ते एक्सपोर्ट करा. वनड्राइव्हमध्ये ढगाचं चिन्ह असलेल्या फायली डिस्कवर नसतातच. आधी डाउनलोड करा.

कॉपी झाल्यावर प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि बाइट्स दोन्हीकडे जुळतात का बघा, चार-पाच फायली दुसऱ्या पीसीवर उघडा. दुसरी प्रत पूररेषेबाहेर कुणा पाहुण्यांकडे ठेवा. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेनं काय केलं ते शहराला माहीत आहे. आणि सेटअप सुरू करण्याआधी बॅकअपची डिस्क उपटून ठेवा, नाहीतर सेटअपच्या त्याच यादीत तीही दिसेल.