पिकअपचा मागचा स्टॅबिलायझर बार: जाड म्हणजे चांगला, असं नाही

सासवडहून अंजीर-सीताफळाची कॅरेट भरून दिवे घाट उतरणारी पिकअप पुण्याच्या मार्केट यार्डात पोचते, तेव्हा तिच्या हौद्यात टनभर माल असतो. माल खाली करून तीच गाडी घाट चढून परत जाते, तेव्हा मागची चाकं जवळजवळ मोकळी असतात. या दोन्ही फेऱ्यांना चालेल असा एकच मागचा स्टॅबिलायझर बार निवडायचा, हा खरा पेच आहे. ‘जाड बार टाका, गाडी झुलायची थांबेल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. गाडी झुलायची कमी होते, पण पलटी होण्याचा धोका त्या मानाने फारसा घटत नाही. रिकाम्या गाडीला तर पावसाळ्यात हाच जाड बार घातक ठरू शकतो.

बार म्हणजे स्प्रिंग स्टीलचा, दोन्ही टोकांना वाकवलेला दांडा. त्याचा मधला भाग रबरी बुशांमध्ये धरून मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगवर बसवतात आणि दोन्ही बाजूंचे हात छोट्या लिंकांनी चासीला जोडतात. काही गाड्यांत हे उलटं असतं. दोन्ही चाकं एकाच वेळी स्पीडब्रेकरवर चढली तर अख्खा दांडा बुशांत नुसता फिरतो, काहीच काम करत नाही. गाडी वळणावर एका बाजूला झुकली की मात्र एक हात वर आणि दुसरा खाली जायला बघतो. मधला दांडा ओल्या पंचासारखा पिळला जातो आणि उलगडण्याच्या जोराने झुकणं अडवतो.

बऱ्याच पिकअपना कारखान्यातून पुढे बार असतो आणि मागे नसतो. याचं कारण मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. माल पेलायचा म्हणून ते कडक असतात आणि थोडंफार झुकणंही तेच अडवतात. पण पाटे चाकांपाशी बसत नाहीत, बरेच आत चासीखाली बसतात. झुकण्याला होणारा विरोध दोन पाट्यांमधल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. चाकांमध्ये १.४५ मीटर आणि पाट्यांमध्ये एक मीटर अंतर धरलं, तर तेच पाटे चाकांपाशी असते तेव्हाच्या निम्म्याहूनही कमी विरोध हाती लागतो. म्हणून उभा भार मजेत पेलणारी गाडी वळणावर मात्र भरपूर झुकते.

आता जाडीचं गणित. भरीव बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, कारण व्यास वाढला की धातू वाढतोच, शिवाय तो मध्यापासून दूर जाऊन जास्त ताणला जातो आणि त्याची तरफही लांब होते. २२ मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटरचा बार घेतला, बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा सुमारे ६७ टक्क्यांनी वाढतो. नाना पेठेतल्या दुकानात काउंटरवर दोन बार शेजारी ठेवले तर हा फरक डोळ्यांना कळणारही नाही. त्यामुळे बार डोळ्यांनी निवडू नये, व्हर्नियर लावून मोजावा. पोकळ बारही वाईट नसतो, कारण मधला धातू पिळाला फारसा विरोध करतच नाही. बाहेरून २५ आणि आतून १५ मिलिमीटरचा बार भरीव बारपेक्षा ३६ टक्के हलका असतो आणि कडकपणा फक्त १३ टक्के गमावतो.

हातांची लांबीही तितकीच महत्त्वाची आहे. हात ३०० वरून २५० मिलिमीटरवर आणला तर बार साधारण ४४ टक्के कडक होतो. हातावर लिंकसाठी दोन-तीन भोकं असतात ती यासाठीच: टोकाचं भोक नरम, आतलं कडक. एकाच गाडीच्या भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही फेऱ्यांच्या गरजा सांभाळायच्या असतील तर माझं मत अशा बारच्या बाजूने आहे.

पण बार काय करत नाही, हे त्याहून महत्त्वाचं. समजा भरलेली गाडी २,८०० किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि ती ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३९ किलोमीटरने घेते. बाजूला ढकलणारा जोर वजनाच्या ०.४ पट होतो आणि सुमारे ७०० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. हा आकडा उंची आणि चाकांमधलं अंतर ठरवतं. बार लावल्याने चासी सरळ राहते, गुरुत्वमध्य थोडा कमी सरकतो, एवढाच फायदा. कॅरेटची थप्पी उंच लावून गुरुत्वमध्य ११० सेंटिमीटरवर नेला, तर तोच भार ८५० किलोवर जातो आणि कोणताही बार तो परत आणत नाही. उलट, झुकण्यातून चालकाला मिळणारी सूचना बार कमी करतो. जाड बार टाकून वेग वाढवणारा चालक म्हणूनच मला धोक्यात दिसतो.

बार जे ठरवतो ते असं: या ७०० किलोंपैकी किती पुढच्या चाकांच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या. मागचा बार कडक केला की मागच्या जोडीचा वाटा वाढतो. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. त्यामुळे बाहेरच्या टायरवर भार लादून आतला मोकळा केला की त्या जोडीची एकूण पकड घटते आणि मागची बाजू लवकर घसरते. रिकाम्या पिकअपची मागची बाजू मुळातच हलकी असते, त्यात ओला रस्ता. शिवाय ओढ मागच्याच चाकांना असते. चढावरच्या अरुंद वळणात आतलं चाक हलकं पडलं की साधा डिफरन्शियल (इंजिनाची ओढ दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा गिअर) सगळा वेग त्या चाकालाच देतो. चाक जागेवर गरगरतं आणि गाडी पुढे सरकत नाही. दगडधोंड्यांच्या शेतवाटेवरही असंच होतं, कारण बार एका चाकाला स्वतंत्रपणे खड्ड्यात उतरू देत नाही.

म्हणून निवड हौद्यापासून सुरू करावी. गाडीवर खाद्यपदार्थांची टपरी, पाण्याची टाकी किंवा उंच बंद डबा कायमचा चढवला असेल, तर मागचा बार खरोखर उपयोगी पडतो आणि तिथे जाड बारही शोभतो. निम्म्या फेऱ्या रिकाम्या होत असतील तर मध्यम जाडीचा, भोकं असलेला बार घ्यावा आणि टोकाच्या भोकापासून सुरुवात करावी. शॉकअप गळालेले असतील, बुश संपलेले असतील किंवा टायरमधली हवा कमी असेल, तर आधी ते बघावं. झुलण्याचं कारण कित्येकदा तिथेच सापडतं. पासिंगपेक्षा (कागदोपत्री मंजूर वजनापेक्षा) जास्त माल भरण्यावर तर बार हा इलाज नाहीच. वाहनातल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये तरतूद आहे, तेव्हा आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

बसवताना मिस्त्रीला एक गोष्ट आवर्जून सांगा: गाडी जॅकवर लटकत असताना नट कसून टाकू नका. चाकं सपाट जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनाने बसल्यावर शेवटचा कस द्यावा, नाहीतर रबरी बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. लिंक सहज बसत नसेल तर ठोकून बसवू नये, तिची लांबी जुळवून घ्यावी. मग एक मागचं चाक वर उचलून बार सायलेन्सर, स्टेपनी किंवा ब्रेकच्या नळीला घासतो का ते पाहावं. हीच तपासणी दुसऱ्या चाकानेही करावी, कारण ब्रेकची नळी बहुतेक वेळा एकाच बाजूला बारच्या जवळून जाते.