जुनी मोटार रिस्टोअर करायला घेताय? नावावर करण्याची प्रक्रिया, पात्रता आणि अडणारे कागद

गावाकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट दिसली, की माणसं आधी बॉनेट उघडतात. मी म्हणतो, आधी आरसी बुक उघडा. अशा गाड्या नावावर करून घेणाऱ्यांचे अर्ज मी बरीच वर्षं पाहतो आहे. इंजिन जाम आहे म्हणून कुणाचा अर्ज परत आलेला नाही. परत येतात ते आरसीवरचा मालक हयात नाही म्हणून, चेसिस नंबर वाचता येत नाही म्हणून, किंवा गाडीची नोंदच ऑनलाइन सापडत नाही म्हणून. तोवर डेंटिंग-पेंटिंगवर पैसे खर्च झालेले असतात.

सरळ व्यवहार असेल तर काम अवघड नाही. विकणाऱ्याने फॉर्म 29 भरायचा आणि फॉर्म 30 वर दोघांनी सह्या करायच्या. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि कराच्या पावत्या जोडायच्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र, गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं फॉर्म 28 मधलं ना-हरकत प्रमाणपत्र. अर्ज परिवहन पोर्टलवर होतो. एवढंच. पण पन्नास वर्षांच्या गाडीत सरळ व्यवहार क्वचितच मिळतो.

सगळ्यात जास्त गैरसमज मुदतीबद्दल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे हस्तांतरण राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. हे दिवस व्यवहार झाल्यापासून मोजतात. गाडी टो करून घरी आणायची, दोन वर्षं काम करायचं आणि चालू झाली की नावावर करायची, असं बहुतेक जण ठरवतात. त्या दोन वर्षांत विकणारे आजोबा जातात, मुलगा परदेशी असतो आणि मोबाइलवर येणारा ओटीपी द्यायला कुणी उरत नाही. जुन्या आरसीला बहुधा मोबाइल नंबर जोडलेलाच नसतो, त्यामुळे तो आधी जोडून घ्यावा लागतो. विकणारा समोर आहे, बोलतो आहे, तेवढ्यात हे काम उरका.

इथे खरी पंचाईत उभी राहते. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. शेडमधल्या गाडीची मुदत कधीच संपलेली असते. नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यायची आणि ती चालत नाही. चालवण्याजोगी करायची तर खर्च, आणि तो दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीवर करायचा. यातून स्वच्छ वाट कार्यालयाने दाखवायला हवी, पण एका खिडकीवर एक उत्तर मिळतं आणि दुसरीवर दुसरं. म्हणून व्यवहारापूर्वीच संबंधित आरटीओत लेखी विचारा. मूळ मालकाकडून नोटरी केलेला विक्रीकरार, त्याचं ओळखपत्र आणि गाडीचा ताबा दिल्याची तारीख-वेळेसह पावती तरी घ्याच. यानं नाव बदलत नाही, पण गाडी तुमच्या अंगणात कशी आली हे तरी दाखवता येतं.

भाव ठरवण्याआधी थकबाकीही काढा. 2025 च्या वाढीनंतर 20 वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 10,000 रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीचं 80,000. उशिराबद्दल मोटारीला महिन्याला 500 रुपये जादा आकार आहे. महाराष्ट्रात 15 वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही लागतो. चाळीस हजारांत मिळालेली गाडी या रकमा धरून केवढ्याला पडते, ते विकणाऱ्यासमोर कागदावर मांडा. त्यालाही कळतं.

आता ज्यांची नोंदच सापडत नाही त्यांच्याबद्दल. 1989 च्या आधी राज्यात तीन इंग्रजी अक्षरांच्या मालिका होत्या. एमएच 12 किंवा एमएच 09 ही पद्धत नव्या कायद्याबरोबर आली. तीन अक्षरी नंबरच्या कित्येक गाड्या अजून जाड नोंदवह्यांतच आहेत, 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंद प्रणालीत चढलेल्या नाहीत. पोर्टल 'नोंद नाही' म्हणतं आणि अर्जदार गाडी बोगस आहे असं समजून हात टेकतो. तसं नसतं. ज्या कार्यालयात गाडी पहिल्यांदा पास झाली, तिथे मूळ आरसी दाखवून बॅकलॉग नोंद, म्हणजे वहीतली जुनी नोंद संगणकावर, करून घ्यावी लागते. त्यानंतरच पुढचा अर्ज भरता येतो. पुढे जिल्हे आणि कार्यालयं विभागली गेली, म्हणून नोंदवही नेमकी कुठे आहे हे आधी शोधा. रेकॉर्ड मिळत नाही असं तोंडी सांगितलं तर माघारी फिरू नका. नोंदवही सांभाळणं हे कार्यालयाचं काम होतं, तुमचं नव्हे. माहिती अधिकारात अर्ज टाकून नोंदीचा प्रमाणित उतारा मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी पाहिलेल्या एका प्रकरणात सहा महिने न सापडलेली नोंदवही असा अर्ज पडल्यावर आठवड्याभरात सापडली.

आरसीच हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म 26 आणि पोलिसांचा हरवल्याचा दाखला लागतो. लक्षात घ्या, हा अर्ज नोंदणीकृत मालकाने करायचा असतो, घेणाऱ्याने नाही. 'कागद नाहीत पण मी करून देतो' म्हणणाऱ्या दलालाला हेच विचारा, की सही कोण करणार?

मालक वारला असेल तर गाडी थेट तुमच्या नावावर येत नाही. आधी वारसाच्या नावावर, मग तुमच्या. वारसाने मृत्यूची माहिती 30 दिवसांत द्यायची आणि फॉर्म 31 वर 3 महिन्यांत अर्ज करायचा असा नियम आहे. वीस वर्षं उभ्या गाडीत हे कुणी केलेलं नसतं. मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतिपत्र हा संच जमवायला वेळ जातो, कारण एक बहीण नागपूरला आणि एक भाऊ बोलतच नाही. कोऱ्या फॉर्म 29-30 वर कुणाच्या तरी जुन्या सह्या असलेला गठ्ठा पुढे आला तर तिथूनच परत फिरा. सही करणारा मृत निघाला तर प्रकरण फौजदारी होतं, आणि त्यात अडकलेला एक तरुण मी पाहिला आहे. त्याने फसवलं नव्हतं, फक्त विचारलं नव्हतं.

गाडीजवळ जाल तेव्हा चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. गंजलेल्या जागी थोडं तेल, मऊ ब्रश, मग कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि तारखेसह फोटो काढा. हे सँडब्लास्टिंगच्या, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढण्याच्या आधी! वर्कशॉपमध्ये चेसिस ब्लास्ट करून वर पुट्टी आणि रंग चढवला की नंबर बुजतो, आणि तपासणीला ठसा उमटत नाही. मग कारागिराकडून नंबर स्वतःच पुन्हा कोरून घेण्याचा मोह होतो. तसं केलं तर गाडी चोरीची ठरवली जाऊ शकते. नंबर खराब असेल तर आधी आरटीओला लेखी कळवा. आणि पोर्टलवर नोंदणी रद्द किंवा भंगारात काढलेली दिसत असेल, तर ती गाडी फक्त सुट्या भागांसाठी घ्या. तिच्या चेसिसवर गाडी उभी करण्याचा विचार सोडा.

व्हिंटेज नोंदणीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. 15 जुलै 2021 च्या अधिसूचनेनं केंद्रीय नियमांत ही सोय आली. दुचाकी आणि खाजगी चारचाकी, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली. अर्ज फॉर्म 20 वर, शुल्क 20,000 रुपये, प्रमाणपत्र फॉर्म 23ए, मुदत 10 वर्षं आणि पुन्हा नोंदणीला 5,000. राज्याने नेमलेली समिती गाडी पाहते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदवलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो.

वर्षं बनावटीच्या सालापासून नव्हे, पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. डिसेंबर 1975 मध्ये बनलेली आणि मार्च 1976 मध्ये पास झालेली गाडी मार्च 2026 च्या आधी बसत नाही. क्लबांच्या व्याख्येत 'व्हिंटेज' म्हणजे साधारण 1919 ते 1930 च्या गाड्या, त्याचा इथे काही संबंध नाही. म्हणून 1950 च्या दशकातली, 'डुक्कर' या टोपणनावाची फियाट या नियमात बसू शकते, पण पद्मिनी म्हटली की बसलीच असं नाही. पद्मिनी हे नाव 1974 पासूनचं आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पद्मिनी ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या आहेत.

अर्ज अडतो तो 'मूळ स्वरूप' या शब्दावर. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. त्या काळी पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी अँबेसेडर-फियाटला डिझेल इंजिन बसवलं, जीपला तर सर्रास. अशी गाडी घेतली तर व्हिंटेजची आशा धरू नका. डिझेल इंजिनाची नोंद आरसीवर नसेल तर साध्या नोंदणीलाही अडचण येते.

आणि ही नोंदणी खरंच हवी आहे का, याचाही विचार करा. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रविवारी कुटुंबाला घेऊन माळशेजला जायचं असेल तर साधं नूतनीकरण करून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना खरं तर तेच हवं असतं. आयात केलेल्या गाडीचं गणित मात्र वेगळं पडतं. साध्या नूतनीकरणाला 5 वर्षांसाठी 80,000, तर व्हिंटेजला 10 वर्षांसाठी 20,000. अशी गाडी वर्षातून दोन-चारदाच बाहेर निघत असेल तर व्हिंटेजचाच मार्ग बरा.

ज्यांचा अर्ज परत आला आहे त्यांनी कारण लेखी घ्या, तोंडी 'कागद अपुरे' यावर थांबू नका. कोणता कागद ते नाव लिहून मागा आणि ती चिठ्ठी फाइलला लावा. पुढच्या वेळी टेबलावरचा माणूस बदललेला असतो आणि तो नवा कागद मागतो.