नजरेला न दिसणारा धूर

भुसावळहून वरणगावकडे निघालं की दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. एसटीत शेजारचं कुणीतरी म्हणतंच, "आज धूर कमी दिसतोय." पण डोळ्यांना दिसते ती राख नाहीतर वाफ. कोळशातलं गंधक जळून होणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला रंगच नसतो, नायट्रिक ऑक्साइडलाही नसतो. तेव्हा कुठल्याही चिमणीची पारख नजरेने करू नये, असं मी प्रत्येकाला सांगत असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना अखंड ऑनलाइन मोजणी करायला सांगितलं. नेहमीची रीत म्हणजे नळीने वायू ओढून यंत्रात न्यायचा. मात्र ही नळी सतत तापती ठेवावी लागते. ती गार पडली की वाफेचं पाणी होतं आणि अमोनियासारखे वायू त्यातच विरघळून जातात.

लेझरला वायू बाहेर काढावाच लागत नाही. चिमणीच्या एका अंगाला लेझर, समोरच्या अंगाला प्रकाश टिपणारा डिटेक्टर. प्रत्येक वायू आपल्या ठरलेल्या तरंगलांब्यांचाच प्रकाश शोषतो, अमोनिया 1.5 मायक्रोमीटरच्या आसपास, ऑक्सिजन 0.76 च्या. तिथला प्रकाश किती घटला, यावरून वायूचं प्रमाण काढता येतं.

पण राखही प्रकाश अडवतेच की! मला या तंत्रातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते याचं उत्तर. रेडिओवर जळगाव केंद्र लावताना आपण बटण हळूहळू फिरवतो, तशी डायोड लेझरची तरंगलांबी विजेचा प्रवाह किंचित बदलून सरकवता येते. राख आजूबाजूच्या सगळ्याच तरंगलांब्या सारख्या मंद करते. वायू मात्र एका अरुंद जागीच खड्डा पाडतो. यंत्र मोजतं तो हा खड्डा, आणि म्हणूनच धूळ व वायू यांची गल्लत होत नाही.

सल्फर डायऑक्साइडने बराच काळ दाद दिली नाही. अवरक्त प्रकाशातलं त्याचं ठळक शोषण 7.4 मायक्रोमीटरजवळ होतं आणि साधे डायोड लेझर तिथवर पोचत नाहीत. 1994 मध्ये बेल प्रयोगशाळेत क्वांटम कॅस्केड लेझर, म्हणजे अशा लांब तरंगलांब्यांचा अवरक्त प्रकाश देऊ शकणारा लेझर, तयार झाला, तेव्हा ती वाट मोकळी झाली.

प्रकाश ज्या काचेतून आत जातो, तिच्यावर राख बसू नये म्हणून स्वच्छ हवेचा झोत सतत सोडलेला असतो. तरीही काच धूसर होतेच. मग तंत्रज्ञ शिडीने वर चढतो, काच पुसतो आणि माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू भरलेली नळकांडी मध्ये धरून आकडा बरोबर येतोय का ते तपासतो.