तुमच्या माशाचे चित्र आणि त्यासाठी लागणारा फोटो

आम्ही फोटोवरून माशांची जलरंगातली चित्रे काढून देतो. त्यासाठी आमच्याकडे येणारे बरेचसे फोटो आम्हाला पुन्हा मागवावे लागतात. ते वाईट असतात असे मुळीच नाही. पुष्कळदा ते फार देखणे असतात: मासा कॅमेऱ्याकडे वळलेला, डोळा चमकणारा, मागे हिरवीगार पाणवनस्पती. पण त्यात मासा तिरका असतो, आणि तिरक्या माशावरून चित्र काढता येत नाही. काम लांबते ते बहुतेक वेळा या एकाच कारणाने, म्हणून फोटोबद्दल जरा सविस्तर लिहीत आहोत.

माशाचे चित्र मापांवर उभे असते. तोंडाच्या टोकापासून डोळा किती दूर, पाठीचा पर कुठे सुरू होतो, पोटाशी शरीर किती उंच, शेपटीच्या अलीकडचा देठ किती जाड. जवळच्या नात्यातल्या दोन जाती पुष्कळदा एवढ्याच फरकांवरून ओळखल्या जातात. ही मापे फक्त बरोबर बाजूने पाहिल्यावर मिळतात. मासा थोडा जरी तुमच्याकडे वळला, तरी डोके मोठे होते आणि मागचे शरीर आखडते. मोबाइल अगदी जवळ धरला तर हा दोष आणखी वाढतो, कारण लेन्सजवळचा भाग प्रमाणाबाहेर मोठा येतो. वरून काढलेल्या फोटोत पाठ दिसते, पण पोटाची रेषा आणि खालचे पर नाहीसे होतात. अशा फोटोवरून चित्र केले की ते पाहून ग्राहक म्हणतात, "छान आहे, पण हा आमचा मासा वाटत नाही." त्यांचे बरोबर असते.

"तुम्हाला सवय आहे, उरलेले अंदाजाने भरा," असेही आम्हाला वारंवार सांगितले जाते. ते आम्ही करत नाही, आणि त्यामागे विचार आहे. पराला आधार देणारे टणक काटे आणि मऊ शिरा यांची संख्या, बाजूने जाणाऱ्या रेषेवरचे खवले, यांचे आकडे त्या त्या जातीपुरते ठरलेल्या मर्यादेत असतात. ते पुस्तकातून घेता येतील. पण कोई माशाच्या पाठीवरचा लाल डाग, गोल्डफिशच्या शेपटीला पडलेली चीर, डिस्कसच्या कपाळावरची वळणदार रेघ हे कोणत्याही पुस्तकात नसते. ते फक्त तुमच्या माशाचे असते. अंदाजाने भरलेले चित्र त्या जातीचे होईल, तुमच्या माशाचे नाही. जातीचेच चित्र हवे असेल, म्हणजे अभ्यासासाठी किंवा भिंतीवर लावण्यासाठी, तर तेही आम्ही करतो आणि त्याला तुमच्याकडून फोटो लागत नाही. फक्त सुरुवातीलाच तसे सांगा.

टाकीतल्या माशाचा फोटो घेताना कॅमेरा माशाच्या उंचीवर आणावा आणि काचेला काटकोनात धरावा. पाण्यातून काचेबाहेर येताना प्रकाश वाकतो. समोरून पाहिले तर त्याचा त्रास फारसा होत नाही, पण कोनातून पाहिले की प्रतिमा दबते आणि बारीक रेषांना रंगीत कडा येतात, कारण प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो. काच आतून-बाहेरून पुसून घ्या. दोन पावले मागे सरका आणि झूम वापरा. खोलीतले दिवे बंद करून टाकीच्या वरचा दिवा चालू ठेवा, म्हणजे काचेत तुमचे प्रतिबिंब पडणार नाही. गोल भांड्यातला मासा ताणलेला दिसतो. त्याला त्याच टाकीच्या पाण्याने भरलेल्या, सपाट काचेच्या लहान पेटीत थोडा वेळ ठेवता आले तर उत्तम. पेटी अरुंद असली की मासा आपोआप आडवा राहतो, पण त्याला पुढेमागे हलायला जागा हवी.

मासा स्थिर राहतच नसेल तर व्हिडिओ घ्या. ४के व्हिडिओची एक चौकट ३८४० गुणिले २१६० बिंदूंची असते. प्रकाश पुरेसा असेल तर आम्हाला तेवढी पुरते. मासा सरळ आडवा आणि सगळे पर उघडे, असा क्षण आम्ही त्यातून शोधून काढतो. फायटर माशाचे पर उघडायला आरसा दाखवतात. तो एक-दोन मिनिटेच दाखवावा, कारण समोर दुसरा नर आहे असे समजून मासा सतत तणावात राहतो.

फ्लॅश बंद ठेवा. माशाची चांदीसारखी चमक त्वचेतल्या ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या पातळ स्फटिकांमुळे येते. हे स्फटिक आरशांसारखे वागतात, त्यामुळे फ्लॅश पडला की तिथे पांढरा डाग उरतो आणि खवले दिसेनासे होतात. निऑन टेट्राची निळी रेघ रंगद्रव्याची नसते. तीही अशाच स्फटिकांच्या थरांतून येते आणि रात्री अंधारात फिकी पडते. म्हणून सकाळी दिवा लावल्या लावल्या काढलेल्या फोटोत मासा निस्तेज दिसतो. घाबरलेला किंवा नुकताच नव्या टाकीत सोडलेला मासाही रंग बदलतो. एंजल माशाचे काळे पट्टे तर बघता बघता फिके-गडद होतात. मासा रुळलेला असताना, रोजच्या प्रकाशात काढलेला एक फोटो रंगांसाठी वेगळा पाठवा. त्यात मासा तिरका असला तरी चालेल.

मेल्यावर त्वचेतल्या रंगपेशींवरचा मज्जातंतूंचा ताबा सुटतो आणि रंग झपाट्याने बदलतात. माशांच्या चित्रकारांना ही अडचण पूर्वीपासून आहे. जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लोख यांनी १७८२ ते १७९५ या काळात माशांवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात ४३२ रंगीत चित्रपाने आहेत. दूरदेशीचे मासे त्यांच्या हाती आले ते मद्यार्कात बुडवलेले, रंग उडालेले. त्यामुळे आकार नेमका आणि रंग मात्र ऐकीव, असे काही चित्रांत झाले. तरीही ती चित्रे आजही पाहत राहावीशी वाटतात. काही प्रतींत खवल्यांच्या चमकेसाठी धातूचे रंग वापरले आहेत. आम्ही शेवटचा थर अभ्रकाची पूड असलेल्या रंगाचा देतो तो याचसाठी. त्याने चित्राकडे बाजूने पाहिले की खवले उजळतात. छापील प्रतीत हे येत नाही, म्हणून मूळ चित्र घेणे बरे, असे आम्ही सुचवतो.

मासा नेहमी डावीकडे तोंड करूनच का, हाही नेहमीचा प्रश्न. मत्स्यशास्त्रात माशाची डावी बाजू दाखवायची पद्धत आहे, म्हणजे दोन चित्रे शेजारी ठेवून तुलना करता येते. चपटे मासे याला अपवाद, कारण त्यांचे दोन्ही डोळे एकाच बाजूला सरकलेले असतात आणि तीच बाजू दाखवावी लागते. तुमच्या माशाची ओळखीची खूण उजव्या अंगावर असेल तर आम्ही आनंदाने उजवी बाजू काढू. मात्र फोटो स्वतः उलटवून पाठवू नका. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटोही टाळा, तो पुष्कळदा आपोआप उलटतो आणि सगळे डाग भलत्या अंगावर जातात.

गळाने मासा पकडून परत सोडणाऱ्यांचे फोटो बहुतेक एकाच तऱ्हेचे येतात: हात लांब करून मासा कॅमेऱ्यापुढे धरलेला. मासा मोठा दिसतो, पण मापे सगळी बिघडतात. कॅमेरा तयार होईपर्यंत मासा पाण्यातच ठेवा. हात ओले करा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या थरानेच माशाचे जंतूंपासून रक्षण होते. एक हात शेपटीच्या देठाशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा आणि तुमच्या शरीराजवळ. दोन-तीन फोटो झाले की लगेच सोडा. शेजारी गळाची काठी दिसली तर लांबीचा अंदाज आम्हाला तिच्यावरून येतो.

मेलेला मासा हातात असेल तर ग्योताकू, म्हणजे माशावर शाई लावून कागदावर घेतलेला ठसा, हा आणखी एक मार्ग. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकापासून पकडलेल्या माशाची नोंद अशी ठेवतात. माशाचे अंग नीट धुऊन पुसलेले हवे, नाहीतर शाई धरत नाही. थेट ठशात मासा उलटा येतो, डावीकडचे तोंड उजवीकडे जाते. ही चूक नव्हे. डोळा मागाहून हाताने रंगवतात.

आता पाठवायचे काय? सरळ बाजूचा एक फोटो, दुसऱ्या बाजूचा एक, रंगांसाठी एक, आणि लांबी. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजा. शेपटीच्या परासह मोजली असेल तर तसे लिहा. टाकीत मोजताना पट्टी पाण्यात, माशाच्या जवळ हवी. काचेबाहेर लावलेल्या पट्टीवर माप चुकते. फोटो चॅटवरून साधे पाठवले की ते लहान होतात आणि खवले पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फोटो मिळाल्यावर आधी पेन्सिलचे रेखाटन तुमच्याकडे येईल. पर, डाग आणि पट्टे त्यात नीट पाहून घ्या. जलरंग एकदा कागदात मुरला की डाग हलवता येत नाही. तुमचा होकार आला की मगच आम्ही रंग कालवतो.