स्वतंत्र घटनांचा गुणाकार नियम

दोन घटना स्वतंत्र असतील, म्हणजे एक घडली काय न घडली काय दुसरीच्या शक्यतेत काहीच फरक पडत नसेल, तर दोन्ही घडण्याची संभाव्यता काढायला दोघींच्या संभाव्यतांचा गुणाकार करायचा. फाशावर सहा पडण्याची संभाव्यता १/६, मग दोन फासे टाकले की दोन्हीवर सहा पडण्याची १/३६. बेरीज का नाही हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि तो पडायलाच हवा. पहिल्या फाशाचे सहा आकडे, त्यातल्या प्रत्येकासोबत दुसऱ्याचे सहा, अशा एकूण ३६ जोड्या होतात आणि आपल्याला हवी ती जोडी त्यात एकच आहे.

गणित इथे संपतं. खरं जपायचं ते 'स्वतंत्र' या शब्दाला. पत्त्यांच्या ५२ च्या कॅटमधून एक पत्ता काढला, परत ठेवून पिसला आणि पुन्हा ओढला तर दोन्ही वेळा एक्का येण्याची संभाव्यता १/१६९, पण पहिला आलेला एक्का हातातच ठेवला तर उरलेल्या ५१ मध्ये तीनच एक्के राहतात आणि उत्तर १/२२१ होतं, तिथे सरळ वर्ग करून चालत नाही.

हे विसरल्यावर काय होतं ते इंग्लंडमध्ये दिसलं. सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही बाळं १९९६ आणि १९९८ साली गेली, त्यांच्यावर खुनाचा खटला भरला, आणि १९९९ मध्ये बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी कोर्टात सांगितलं की त्यांच्यासारख्या घरात बाळ पाळण्यात अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन बाळांची सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. म्हणजे नुसता वर्ग केला. पण भावंडांचे जीन्स सारखे, घर तेच, आईबाप तेच, मग हे दोन मृत्यू स्वतंत्र कसे धरायचे? शिवाय नैसर्गिक मृत्यू दुर्मिळ म्हणून आई दोषी, असंही होत नाही, कारण एकाच आईने दोन बाळांना मारणंही तितकंच दुर्मिळ असू शकतं, तुलना या दोन शक्यतांची करायला हवी. बाईंना जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याला काही आधार नाही असं जाहीर सांगितलं. जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, मुख्य कारण दडवलेला वैद्यकीय रिपोर्ट होता, पण त्या आकड्यावरही अपील कोर्टाने टीका केली. तोवर त्या तीन वर्षांहून जास्त तुरुंगात होत्या.