टीटीचं इंजेक्शन नेताय? आधी डॉक्टर बसलेत का बघा

उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे होतं. संध्याकाळी कोणीतरी आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर कागदाची पुडी ठेवतं : "भाऊ, सकाळी टीटी (धनुर्वाताची लस) नेली होती, डॉक्टर नव्हते. परत घ्या." आम्ही घेत नाही. मग बोलाचाली होते, मागची रांग ताटकळते आणि पंचवीस-तीस रुपयांच्या इंजेक्शनापायी दोघांचाही मूड जातो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

ही लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास, आणि तुमच्या गाडीच्या डिकीत तर विचारूच नका. थोडा वेळ गरमी ती सोसते, पण ती दिवसभर कुठं होती हे आम्हाला कळायला मार्ग नाही. परत घेतलेली अँपूल (काचेची कुपी) उद्या दुसऱ्याच्या दंडात जाणार. तुमच्या पोराला अशी दिलेली चालेल का?

गरमीपेक्षा मोठी चूक फ्रीझरची. "थंडच ठेवायची ना, मग बर्फात ठेवली." एका ताईंनी ती कुल्फीच्या साच्याशेजारी ठेवली होती. आम्ही हलवून उजेडात धरली, तर एकसारखी दुधाळ दिसण्याऐवजी पांढरे कण भराभर तळाला बसले. या लसीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. लस गोठली की त्याचे गोळे होतात आणि तिचा जोर जातो. नंतर वितळवून उपयोग नाही, ती फेकायचीच. शंका आली तरी फेका.

त्यापेक्षा सोपं : पैसे भरा, बिल घ्या, इंजेक्शन आमच्याच फ्रीजमध्ये राहू द्या. डॉक्टर आले की पाच मिनिटांत येऊन न्या. आमच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. लांब न्यायचं असेल तर थर्मासात आइस पॅक घालून देतो, पण पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळायला लागल्यावरच, आणि अँपूल कागदात गुंडाळून. पॅकचे पैसे अनामत, परत आणला की परत.

"तुम्हीच टोचून द्या ना" असंही रोज ऐकतो. नाही देत. हे 0.5 मिलीचं इंजेक्शन दंडाच्या स्नायूत जातं. कुणाला रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळायला डॉक्टर लागतो, दुकानदार नाही. चिठ्ठीही म्हणूनच मागतो. टीटी लिहिलेलं असताना डॉक्टरांना विचारून टीडी दिली तर घाबरू नका, तिच्यात घटसर्पाचीही लस असते. सरकारी लसीकरणातही 2019 पासून टीटीच्या जागी टीडीच आली.

आता "मागच्या टीटीला सहा महिने झाले, घेऊन टाकतो" याबद्दल. हा हिशेब कुठून आला कोण जाणे. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसपासून 10 वर्षांच्या आत पुन्हा लागत नाही. माती-शेणाने माखलेली किंवा खोल जखम असेल तर 5 वर्षांच्या आत नाही. उगाच वरचेवर घेतली तर दंड सुजून बसतो, बाकी काही नाही. डोस झालेत का हेच माहीत नसेल आणि जखम घाण असेल, तर नुसती लस पुरत नाही, इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. अशा वेळी आमच्याकडे न येता सरळ मोठ्या दवाखान्यात जा. धनुर्वात खिळ्याच्या गंजाने होत नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो, तेव्हा निघण्याआधी जखम साबण-पाण्याने धुवा.

गरोदर बायकांना महापालिकेच्या आरोग्य केंद्रात टीडी फुकट मिळते. आमचा धंदा बुडाला तरी चालेल, तिथंच घ्या.

शेवटचा डोस कधी घेतला हे दहातल्या नऊ जणांना आठवत नाही. काउंटरवर छोटं कार्ड ठेवलंय, फुकट आहे. डॉक्टरांकडून तारीख टाकून घ्या आणि पाकिटात ठेवा. हरवलं तर आमच्या वहीत नोंद सापडेल, फक्त बिल करताना नाव नीट सांगा.