प्रिझम वेगळं, अपस्ट्रीम वेगळं

अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेसाठी काम करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेली कागदपत्रं जून २०१३ मध्ये छापून आली आणि ‘प्रिझम’ हे नाव जगभर झालं. तेव्हापासून अमेरिकी सरकारच्या इंटरनेट-पाळतीचा विषय निघाला की सगळं प्रिझमच्याच नावावर खपवलं जातं. त्याच कागदपत्रांत पाळतीचा दुसरा कार्यक्रम, ‘अपस्ट्रीम’ही होता. त्याची चर्चा फारशी झाली नाही, आणि माझ्या मते खरी काळजी करण्यासारखं तेच होतं.

दोन्हींना आधार एकाच कायद्याचा: परदेशी हेरगिरीच्या पाळतीविषयीच्या ‘फिसा’ कायद्यात २००८ मध्ये घातलेलं ७०२ वं कलम. लक्ष्य अमेरिकेबाहेरचे परदेशी लोक. त्यामुळे माणसागणिक वॉरंट लागत नाही. गुप्त न्यायालय वर्षातून एकदा एकूण व्यवस्थेला मंजुरी देतं. लक्ष्याशी बोलणाऱ्या अमेरिकी माणसाचा मजकूर ओघाने सापडतोच.

फरक आहे तो माहिती कुठून घेतली जाते याचा. प्रिझममध्ये एनएसए एखादा ईमेल पत्ता निवडते, एफबीआयमार्फत तो ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीकडे जातो आणि कंपनी त्या खात्यातला मजकूर देते. मायक्रोसॉफ्ट यात ७०२ येण्याआधीच, २००७ पासून, अ‍ॅपल २०१२ पासून. फुटलेल्या एका स्लाइडवर ‘थेट सर्व्हरमधून’ असे शब्द होते, म्हणून एनएसए परस्पर सर्व्हरमध्ये शिरते असा समज पसरला. कंपन्यांनी तो तेव्हाच खोडून काढला होता.

अपस्ट्रीममध्ये ईमेल कंपनीला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. इथे दूरसंचार कंपन्यांच्या मदतीने इंटरनेटच्या मुख्य केबलवरूनच माहिती उचलली जाते. हे कसं चालत असेल याचा अंदाज २००६ मध्येच आला होता. एटी अँड टी या दूरसंचार कंपनीतल्या मार्क क्लाइन या निवृत्त तंत्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या कंपनीच्या इमारतीतली ६४१ए ही खोली उघडकीला आणली. फायबरमधला प्रकाश स्प्लिटरने दुभागून त्याची प्रत तिथे वळवलेली होती. ती व्यवस्था ७०२ च्या आधीची, पण तत्त्व तेच.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच. हवा असलेला पत्ता प्रवाहात शोधायचा, तर त्या ठिकाणाहून जाणारं इतरांचंही यंत्राला चाळावं लागतं. शिवाय लक्ष्याने पाठवलेली नाही, लक्ष्याला आलेली नाही, फक्त मजकुरात तो पत्ता आहे, अशी मेलही अपस्ट्रीममध्ये उचलली जायची. प्रिझममध्ये असं होत नव्हतं. हा प्रकार एनएसएने २०१७ मध्ये थांबवला.

आकड्यांत पाहिलं तर अपस्ट्रीम किरकोळ वाटतं. त्याच गुप्त न्यायालयाचे न्यायाधीश जॉन बेट्स यांच्या २०११ च्या निकालानुसार ७०२ खाली वर्षाला २५ कोटींहून अधिक इंटरनेट संदेश गोळा होत होते आणि त्यांत अपस्ट्रीमचा वाटा सुमारे ९ टक्के. तरी बेट्स यांनी घटनाबाह्य ठरवली ती याच ९ टक्क्यांच्या हाताळणीची पद्धत. पूर्णपणे देशांतर्गत असलेले हजारो संदेश त्यांत येत होते.

एन्क्रिप्शनचा, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याचा, उपयोगही दोन्हीकडे सारखा नाही. ब्राउझरमधल्या कुलपाच्या खुणेमुळे केबलवरच्या माणसाला मजकूर वाचता येत नाही, पण मेल कंपनीच्या सर्व्हरवर तो उघडाच असतो, म्हणजे प्रिझमला अडथळा शून्य. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असेल, म्हणजे किल्ली फक्त बोलणाऱ्या दोघांकडे असेल, तर कंपनीकडेही ती नसते. मात्र कोण कोणाशी, कधी बोललं, हे त्यानेही सहसा झाकलं जात नाही.

ओघाने सापडलेल्या या साठ्यात एफबीआय अमेरिकी नागरिकांची नावं शोधू शकते. त्यासाठी वॉरंट सक्तीचं करणारी दुरुस्ती एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात २१२ विरुद्ध २१२ अशा बरोबरीने पडली आणि कलमाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. तो वाद जवळजवळ पूर्णपणे प्रिझमच्या मालाचा होता. अपस्ट्रीमचा कच्चा माल एनएसए एफबीआयच्या हाती देतच नाही.